आदी मोज, मंग रड

रस्त्यावर अपघात झाला की लोक जखमीकडे बघतात, ड्रायव्हरकडे बघतात, जमल्यास त्याला दोन ठेवूनही देतात. तोतारामनाना रस्त्याकडे बघत. जखमीला मिळेल त्या गाडीत घालून दवाखान्याकडे रवाना केलं की ते धोतर वर खोचत, खिशातून कापडी टेप काढत आणि डांबरावर उकिडवे बसत. आसपास कुणी रडत असेल, तर मान न वळवता म्हणत, "आदी मोज, मंग रड."

धुळ्याच्या आग्रा रोडवर मी हे प्रथम ऐकलं तेव्हा हा माणूस मला दगड वाटला. त्या काळी मी एका वकिलांकडे कारकून होतो. साहेब अपघातांच्या नुकसानभरपाईची कामं चालवीत. म्हणजे अर्ज मी लिही आणि साहेब कोटाची बटणं लावीत. त्यामुळे मोठी माणसं म्हणजे काय याविषयी माझ्या मनात फारसा आदर उरला नव्हता. तो नानांनी परत आणला.

नाना बांधकाम खात्यात मैलकुली म्हणून लागले आणि मुकादम होऊन निवृत्त झाले. तीस वर्षं त्यांनी धुळे-पारोळा रस्त्याचे खड्डे बुजवले होते. त्या रस्त्याविषयी ते घरच्या म्हशीविषयी बोलावं तसं बोलत. "मोरीपाशी तो जरा डावा झुकस. पानी पडनं का रुसस." निवृत्तीनंतरही रोज सकाळी एस.टी.नं मधेच कुठंतरी उतरून ते रस्ता बघून येत. घरी वाट बघणारं कुणी नव्हतं.

त्यांचं खरं वैर ट्रकशी नव्हतं, सड्याशी होतं. आमच्याकडे रस्त्यावर रक्त सांडलं की जवळच्या वस्तीतल्या बाया शेणाचा सडा टाकतात. कुणाचं रक्त पायदळी येऊ नये, ही त्यातली माणुसकी. पण त्या बादलीबरोबर चाकांच्या खुणा जातात, काचा जातात, सगळं जातं. मग वर्षभरानं कोर्ट विचारतं, हा माणूस कडेला होता की मधोमध? चूक कुणाची? सगळा दावा त्या उत्तरावर उभा. ड्रायव्हर सांगतो, मधोमध. मोडलेला पाय काहीच सांगू शकत नाही.

आमचा अशील सुकलाल, त्याचंही हेच व्हायचं होतं. सायकलवर वांग्यांची पाटी बांधून तो फागण्याहून धुळ्याच्या बाजाराला निघाला आणि समोरून आलेल्या ट्रकनं त्याला उडवलं. पाय गुडघ्याखाली कायमचा गेला. डोक्याला मार लागल्यानं त्याला काही आठवेना. ड्रायव्हर म्हणाला, सायकलच मधोमध आली. पण त्या सकाळी नाना मागच्याच नाल्यावरच्या मोरीच्या कठड्यावर बसले होते. पुढचं मला तिथल्या बायांनी हसत हसत सांगितलं.

एक म्हातारी बादली घेऊन आली. "नाना, सरका. मानूसनं रगत शे ते."

"पोलीस येत नही तोपावत एक थेंब टाकानं नही."

"देव बठ्ठं देखस, नाना."

"देव देखस, पन कोर्टमा साक्षले येत नही, अक्का."

तेवढ्यात एका बकरीनं पसरलेल्या वांग्यांपैकी एक तोंडात धरलं. नाना छत्री उगारून धावले, "हाकला तिले! बकरी साक्षीदार खाई राहिनी!"

हवालदार आला तेव्हा साठी उलटलेला एक गृहस्थ वांग्यांच्या मधोमध छत्री घेऊन बसला होता आणि प्रत्येक वांग्याभोवती चुन्याचं कडं होतं. चुना त्यांच्या तंबाखूच्या डबीतला. एका कड्यात वांगं नव्हतं. तिथं बकरी येऊन गेली होती. हवालदारानं पंचनामा लिहिला, आकडे नानांनी सांगितले. तो संपल्यावर मात्र नानांनी म्हातारीच्या हातून बादली घेतली आणि सडा स्वतः टाकला. फार हळू टाकला, असं बाया म्हणाल्या.

कोर्टात विमा कंपनीचे वकील जाडजूड पुस्तकं घेऊन आले होते. त्यांनी नानांना विचारलं, "शिक्षण?"

"चौथी नापास."

"आणि तुम्ही रस्त्याचे तज्ज्ञ! सांगा, रुंदी किती? सरकारी नकाशात अठरा फूट आहे."

"नकाशामा व्हई. तठे सतरा फूट आठ इंच शे. चार इंच ठेकेदारनी खादात."

न्यायाधीशही हसले, पण त्यांनी माणूस पाठवून रस्ता मोजवला. सतरा फूट आठ इंच. त्यानंतर नानांच्या एकाही आकड्याला कुणी हात लावला नाही. ट्रकच्या ब्रेकची खूण रस्त्याच्या मधली रेघ ओलांडून सुकलालच्या बाजूला गेली होती आणि वांगी डांबराबाहेर, साइडपट्टीवर पडली होती. साहेबांनी त्या दिवशी बटणं लावली, उघडली, पुन्हा लावली. बोलायचं काही राहिलंच नव्हतं. मी मात्र लिहायचं विसरून त्या चौथी नापास माणसाकडे बघत होतो.

निकाल सुकलालच्या बाजूनं लागला. त्याची नक्कल घेऊन मी नानांच्या खोलीवर गेलो. इंग्रजी निकाल मराठीत सांगू लागलो. भरपाईचा भाग त्यांनी हातानंच उडवला. "चूक कोनी, ते वाच."

मी वाचलं. "सुकलाल रस्त्याच्या कडेनं, आपल्या बाजूनं चालला होता. त्याच्याकडून कोणतीही चूक झालेली नाही."

नाना उठले. ट्रंकेतून त्यांनी एक पिवळा पडलेला कागद काढला. तोही निकालच होता, पंधराएक वर्षांपूर्वीचा. त्यांची बायको कौतिकबाई भाकरी घेऊन रस्त्याच्या कामावर येत होती, तेव्हा तिला लॉरीनं उडवलं होतं. अर्ध्या तासात मुकादमानं आपल्या माणसांकडून रस्ता धुऊन घेतला, वर वाळू पसरली. मुकादम म्हणजे नानाच.

"रस्ता साफ ठेवानं काम मनंच व्हतं," ते म्हणाले. "पैसा नही भेटना, ते जाऊ दे. पन कागदवर तिनी चूक लिखेल शे. मधोमध चालनी म्हने. ती कधी कड सोडी चालनी नही, भाऊ. मीच शिकाडेल व्हतं."

नानांनी सुकलालचा निकाल पुन्हा माझ्या हातात दिला.

"सुकलालना जागे कौतिकबाईनं नाव घाल. अन् आखो एकदा वाच."

कायद्यात हे बसत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी मी वाचलं. "कौतिकबाई रस्त्याच्या कडेनं, आपल्या बाजूनं चालली होती. तिच्याकडून कोणतीही चूक झालेली नाही."

नानांनी खिशातून टेप काढली. ती त्यांनी नीट गुंडाळली, बाजूला ठेवली, आणि मग रडले.