चंपतरावांचं नेटवर्क आणि मे महिना

चंपतराव पुण्याहून कॉम्प्युटरचं ट्रेनिंग घेऊन आले आणि त्यांची चालच बदलली. संत्रा बागायतदारांच्या सहकारी संस्थेने नागपूरच्या कचेरीत पाच कॉम्प्युटर घेतले होते. चंपतरावांनी ते एका काळ्या वायरने टेबलाटेबलावरून एकमेकांना जोडले आणि जाहीर केलं, "मी असेपर्यंत हे नेटवर्क बंद पडणार नाही!" हे मॅनेजरला सांगून थांबले असते तर निभावलं असतं. पण त्यांनी ते मुंबईच्या मोठ्या साहेबांनाही कळवलं. साहेबांचं उत्तर आलं, सोमवारी पाहायला येतो; चाललं तर तुम्ही नागपुरात, नाही तर कुहीच्या शाखेत.

कुहीची शाखा म्हणजे खताच्या पोत्यांनी भरलेली एक खोली. इकडे नागपुरातच मानेवाड्याला चंपतरावांच्या घराचा नुकताच स्लॅब झाला होता आणि त्यांच्या पत्नी सुभद्राबाई रोज त्यावर पाणी मारत होत्या. आता कुहीला जाणं म्हणजे हातचं घर सोडून जाणं.

आणि दुसऱ्याच दुपारी नेटवर्क बंद पडलं! त्या वायरची खोडच तशी होती. कुठेही जरा ओढ बसली की पाचही मशिनी आंधळ्या, दिवाळीच्या माळेतला एक बल्ब गेल्यासारख्या. मुख्य मशीन काचेच्या खोलीत एसीमध्ये होती आणि तिच्या निमित्ताने चंपतरावही तिथेच बसत. ते बाहेर आले, टेबलांखाली रांगले, हेडक्लार्क नानाजींच्या टेबलामागचा सुटलेला जोड घट्ट करून परतले. दुसऱ्या दिवशी शेजारच्या टेबलावरच्या सिंधूताईंचा जोड सुटला. चंपतरावांना उंदरांचा संशय आला, त्यांनी पिंजरा लावला. मग व्होल्टेजचा आला, मग नजर लागल्याचा. वायरला लिंबू-मिरची बांधली, तर नेटवर्क लिंबासकट पडलं.

शुक्रवारी जेवणानंतर त्यांना नेमकी डुलकी लागली नाही, म्हणून काचेतून बाहेरचं दिसलं. नानाजी उठले, टेबल दोन्ही हातांनी धरलं आणि वीतभर कूलरकडे सरकवलं. ते पाहून सिंधूताईंनी आपलं सरकवलं, मग कारकून बळीरामने. संध्याकाळी झाडूवाली सगळी टेबलं पुन्हा रांगेत लावत असे. मे महिन्यात नागपूरच्या कचेऱ्यांत टेबलं कूलरकडे चालत जातात, हे काय सांगायला हवं? मागच्या वर्षी चंपतरावांचंही जात होतं. पण एसीत बसल्यापासून त्यांना मे महिना दिसेनासा झाला होता.

ते बाहेर येऊन बोलायला लागले, तर नानाजींनीच त्यांना ऐकवलं, "तुमी थंड्या खोलीत बसून राहिले गा. आमी काय इथं भाजून मरावं?"

चंपतरावांनी हात जोडले. "फक्त सोमवार, नानाजी. टेबल हललं तं मी कुहीले गेलो समजा."

सिंधूताईंना दया आली. म्हणाल्या, "नाही हलवत जी. एक दिवस सोसू."

सोमवारी सगळे डोक्यावर ओले दुपट्टे घेऊन बसले. एक टेबल तसूभर हललं नाही. साहेब नानाजींच्या खुर्चीवर बसले. त्यांनी तिथे बटण दाबलं की सिंधूताईंकडे नरखेडच्या संत्र्याचा हिशोब उमटे. साहेब खूश झाले, चंपतरावांचा जीव भांड्यात पडला. साहेबांनी मानेवरचा घाम पुसला, कूलरकडे पाहिलं आणि बोलता बोलता टेबल चांगलं हातभर ओढून घेतलं!

पाचही पडदे गेले. नानाजी दोन महिन्यांत रिटायर व्हायचे होते, त्यांना कसली भीती?

"साहेब," ते म्हणाले, "जे टेबल आमी सकाळपासून धरून बसलो, ते तुमी ओढलं."

साहेब माणूस सरळ होता. ओशाळले आणि त्यांनी तिथल्या तिथे हुकूम काढला: चंपतराव नागपुरातच राहतील, आणि बाहेरचे चारही कॉम्प्युटर, टेबलं अन् माणसांसकट, एसीच्या खोलीत जातील.

गेले. फक्त एक खुर्ची जास्त होत होती, ती चंपतरावांची. ती बाहेर आली. आता हॉलमध्ये ते एकटेच बसतात. नेटवर्क बिघडलं तर आत बोलावू, असं नानाजींनी त्यांना आपुलकीने सांगून ठेवलंय. पण आत कुणाला टेबल हलवायचं कारणच नाही, त्यामुळे नेटवर्क बिघडत नाही. शेवटी एका मंगळवारी चंपतरावांनी टेकडीच्या गणपतीला नारळ बोलला, "बाप्पा, आठवड्यातून एकदा तरी बंद पडू दे, अन् जमलं तर दुपारच्या वेळी."