कवटी, नाक आणि फुली

उद्या पाणी येणार नाही. चार शब्दांचं काम. आमच्या दामूकाकांनी सोसायटीच्या ग्रुपवर ते कळवलं तेव्हा या चार शब्दांमागून एक नळ आला, नळाशेजारी तांबडी फुली आली, मग बादली, मग घामाघूम झालेला चेहरा, मग गालांवर हात ठेवून किंचाळणारा चेहरा आणि सगळ्यात शेवटी कवटी. माझ्या सासूबाईंनी चष्मा नसल्यामुळे नुसती कवटीच बघितली आणि विचारलं, "कोण गेलं गं?"

दामूकाका हे त्यांचं खरं नाव नाही. का बदललं ते शेवटी कळेलच. त्यांच्या हातात फोन आला आणि आमच्या इमारतीची झोप गेली, एवढं मात्र शंभर टक्के खरं.

आम्ही पालघरकडच्या सरावलीत राहतो. मागच्या खिडकीतून कंपन्यांची धुराडी दिसतात. इथं राहणाऱ्याला भीती काही नवी नाही. मोठा आवाज झाला की आधी काचा थरथरतात, मग कुत्री भुंकतात, मग बायका गॅलरीत येऊन कुणाचा माणूस कुठल्या पाळीला आहे ते एकमेकींना विचारतात. वारा फिरला की वास येतो, कधी कुजक्या अंड्यांचा, कधी लसणीचा. एकदा तर पिकलेल्या केळ्यांचा इतका गोड वास आला की त्याचीच जास्त धास्ती वाटली. पण करणार काय? खिडकी लावायची आणि भाजी ढवळायची. भीती पोटात ठेवून स्वयंपाक करायची आम्हाला सवय झाली आहे. काकांना ती झाली नाही.

काका मूळचे चिंचणीचे. एसटीत कंडक्टर होते. जन्मभर घंटी मारली, आता निवृत्तीनंतर ग्रुपवर मारतात. कुठे जरा खुट्ट झालं की त्यांची घंटा आलीच. वास आला तर नाक. थोडा वास, एक नाक. जास्त वास, नाकांची रांग. तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूंनी एकदा सुके बोंबील भाजले तर काकांनी नाकं आणि कवट्या टाकून अख्खी इमारत खाली उतरवली. सगळे खाली उभे, आणि वरून त्या घरची बाई विचारतेय, काय झालं, कुणाचं लग्न आहे का?

त्यांच्या घराच्या कडीला ओला पंचा कायम लटकलेला असे. गॅस सुटला तर नाकाला लावायला. चपला दाराकडे तोंड करून ठेवलेल्या, म्हणजे पळताना फिरवायला नकोत. घरात कुकर नाही, कारण शिटी वाजली की यांना भोंगा वाटतो. मी घरी ब्लाउज शिवते. फोन टिंग झाला की माझ्या काळजात धस्स व्हायचं आणि सुई बोटात. शेवटी एकदा जिन्यात गाठून मी सुनावलंच, की काका, चार अक्षरं लिहा आणि गप्प बसा, ही भुतावळ कशाला? तर शांतपणे म्हणाले, "काळ काय चिन्नं दाखवून येत नाय, ताई. म्हनून आपन दाखवायची."

आता अशा माणसाशी काय वाद घालणार!

त्यांची बायको, तिला हिराकाकी म्हणू, याच्या अगदी उलट. दातिवऱ्याची बाई. आवाज खणखणीत, मासळीवालीने एक पापलेट जरी शिळं दिलं तरी तिची सात पिढ्यांची चौकशी करणारी. गळ्यात दोरीचा चष्मा. आम्ही बायका गॅलरीत बोलायला लागलो की काकी चष्मा चढवून फोन समोर धरायच्या आणि म्हणायच्या, "वाचलं मी गुरुपवर. टाकी धुनार हायत ना?" त्यांना सगळं माहीत असायचं. टाकी, लिफ्ट, कचऱ्याची गाडी. नवरा घाबरट मिळाला म्हणून आम्हाला त्यांची कीवच यायची.

मग निमकरसाहेब चेअरमन झाले. हे नोकरीनिमित्त नाशिकहून आलेले, शिस्तीचे. पहिल्याच सभेत त्यांनी जाहीर केलं की ग्रुपवर यापुढे फक्त मजकूर, चित्रं बंद. नमस्कार, फुलं आणि दिवा एवढं चालेल, कारण ती आपली संस्कृती आहे. आम्ही टाळ्या वाजवल्या. मी तर जोरात वाजवल्या.

काका उठून उभे राहिले. हात जोडलेले. म्हणाले, मला जिना झाडायला लावा, टाकी धुवायला लावा, पण चित्रं बंद करू नका. लोक खदाखदा हसले. निमकरसाहेब म्हणाले, काका, नियम म्हणजे नियम. काकांनी एकदा कोपऱ्यात बसलेल्या काकींकडे बघितलं. काकी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

त्यानंतर ग्रुप असा शांत झाला, की मलाच चुकल्यासारखं वाटायला लागलं. काकांचं मात्र अवघड झालं. चिंचणीला त्यांची भावाबरोबर वाडी आहे, तिथे पाणी द्यायला ते अधूनमधून जात. आता निघायच्या आधी माझं दार वाजवून विचारायला लागले, आज काय निरोप येनार हाय का, ताई? मला काय स्वप्न पडतंय? निघायचे, कोपऱ्यावरून परत यायचे, आपल्याच घराची कडी ओढून बघायचे. म्हटलं, माणूस पार कामातून गेला.

अशातच आमचे जुने सेक्रेटरी वर्तक, पालघरला मुलीकडे राहायला गेले होते, ते तिथेच वारले. निमकरसाहेबांनी शोकसभेचा निरोप टाकला. व्यवस्थित मजकूर, आणि खाली संस्कृतीला धरून नमस्कार, फुलं, दिवा. संध्याकाळी आम्ही सगळे हॉलमध्ये खाली मान घालून बसलो होतो, आणि दारात हिराकाकी उभ्या. जरीचं लुगडं, डोक्यात गजरा, हातात नारळ आणि झाकलेल्या ताटात शिरा. चेहरा पूजेला आल्यासारखा हसरा.

कुणीतरी फिस्सकन हसलं. कुणीतरी "अगंबाई" म्हणालं. काकींनी समोरचा हार घातलेला फोटो बघितला आणि त्यांच्या तोंडावरचं रक्तच उतरलं. त्या वळल्या. जिन्यापाशी मी बघितलं, त्यांनी गजरा ओढून काढला होता आणि मुठीत दाबून धरला होता.

काका चिंचणीहून परतल्यावर दारोदार सांगत फिरले की मीच तिला पूजा हाय म्हनून सांगितलं, माजंच डोकं ठिकानावर नाय. लोकांनी त्यांना वाटेल ते सुनावलं. वर्तकांच्या नातेवाइकांसमोर शोभा केलीत म्हणाले. काका मान हलवत राहिले. मीही मनात म्हटलं, बिचारी काकी, असल्या येड्याच्या पदरात पडली.

मग तो दिवस आला. दुपारची जेवणं उरकली होती. काका चिंचणीला गेलेले. मी मशीनवर बसले होते आणि धडाड्कन असा आवाज झाला की मशीनवरची कात्री खाली पडली. खिडकीची एक काच तडकली. मागे बघते तर धुराड्यांच्या पलीकडून काळापिवळा धूर वर चढतोय. भोंगा सुरू झाला. आमचे हे पालघरला कामावर. फोन लावला तर लागेना. कुणाचाच लागत नव्हता, सगळ्यांनी एकदम लावलेले. निरोप मात्र जात होते, रखडत का होईना.

निमकरसाहेबांचा निरोप आला. "सर्व सन्माननीय सभासदांना कळविण्यात येते की" अशी सुरुवात होती. वायुगळतीची शक्यता असल्याने दारे-खिडक्या बंद ठेवाव्यात, गॅलरीत येऊ नये, पुढील सूचनेपर्यंत घराबाहेर पडू नये. मी धावत स्वयंपाकघराची खिडकी लावायला गेले. तिथून जिन्यापलीकडची काकांची गॅलरी दिसते. तिथे काकी उभ्या.

हातात फोन, डोळ्यांवर चष्मा. फोनकडे बघायच्या, धुराकडे बघायच्या, पुन्हा फोनकडे. निरोप समोर उघडा होता, आणि बाई गॅलरीत! मी काच आपटली, हाताने आत जा, आत जा केलं. त्यांनी मला बघून हात हलवला. जत्रेत भेटल्यासारखा. वास यायला लागला होता, घशात खाज सुटली होती. मला वाटलं, भीतीने बाईचं डोकं फिरलं.

तेवढ्यात माझ्या फोनवर निरोप आला. काकांचा, ग्रुपवर नाही, माझ्या एकटीला. त्यात एकही चित्र नव्हतं.

"ताई माज्या घरात बगा. हिरेला वाचता येत नाय."

मी ते दोनदा वाचलं. मग जरीचं लुगडं आठवलं, आणि नमस्कार, फुलं, दिवा. आणि मग लाज, भीती, सगळं एकदमच अंगावर आलं.

तोवर ग्रुपवर काकांनी नियम मोडला होता. चित्रांमागून चित्रं येत होती. खिडकी, फुली. दार, फुली. पंखा, फुली. पाण्याचा थेंब, टॉवेल, नाक. मग पुन्हा खिडकी, फुली. पुन्हा दार, फुली. निमकरसाहेबांनी त्यातही लिहिलं, कृपया नियम पाळावेत. मी खिडकीतून बघत होते. काकींनी फोन डोळ्यांजवळ नेला, आणि एकदम वळून आत गेल्या. गॅलरीचं दार लागलं.

माझा जीव राहीना. ओली ओढणी तोंडाला बांधून मी जिना ओलांडला आणि त्यांचं दार ठोकलं. काकी, मी आहे, उघडा, माझ्याकडे या. आतून आवाज आला, तोंडावर फडकं धरल्यासारखा.

"दार नाय उघडायचं, ताई. आमच्या यांनी फुली टाकलीय. तू पन जा घरात."

मी परत आले. घरात आले तर काकांचा ग्रुपवर नवा निरोप, त्यात नुसतं प्रश्नचिन्ह. तांबडं, मोठं. परत तेच. परत तेच. आणि मग ग्रुपवर हिराकाकींचा निरोप आला. त्यांचा पहिलाच.

"हाय." आणि पुढे एक हलणारा हात.

निमकरसाहेब भडकलेच. ही काय हाय-हॅलो करायची वेळ आहे का, परिस्थितीचं गांभीर्य ओळखा. त्याखाली तिसऱ्या मजल्यावरच्या बाईने लिहिलं, हाय काकी. मी मात्र भिंतीला टेकून खाली बसले आणि रडले. आमच्याकडची साधी भाषा, जन्मभर ऐकलेली. माणूस आहे का विचारलं की तो "हाय" म्हणतो. बाई हॅलो करत नव्हती. जिवंत आहे, एवढं सांगत होती.

दिवेलागणीला सगळं निवळलं. धोका टळल्याचा मजकूरही आला. तारापूरकडचा रस्ता बंद होता, म्हणून काका निम्मी वाट चालत आले. घामाने निथळलेले, पाय धुळीने भरलेले. त्यांनी दार वाजवलं, हाक मारली. आतून काकी म्हणाल्या, "फुली काडा आदी."

हा काकांचाच नियम. घाबरलं की माणसं कुणाचीही दारं बडवतात, तेव्हा खुद्द काकांचा आवाज आला तरी चित्र आल्याशिवाय उघडायचं नाही. आपल्याच दाराबाहेर उभं राहून काकांनी ग्रुपवर दार टाकलं, पुढे हिरवी खूण टाकली. मग कडी वाजली. काकींनी आपल्या हातातला ओला पंचा त्यांच्या तोंडावरून फिरवला आणि चहा टाकायला आत गेल्या.

काका जिन्याच्या पायरीवर बसले. मी पाणी दिलं. म्हटलं, काका, तिला एकटीला चित्रं पाठवायची ना, सगळ्यांचा मार कशाला खाल्लात? तर म्हणाले, बंदीनंतर पाठवून बघितली. तिने फोनच बंद करून ठेवला. म्हणाली, मला वेगळं काय नको, मी काय आंधळी हाय? ग्रुपवर सगळ्यांसाठी असली की तिला कमीपणा वाटत नाही. चार बायकांत चष्मा लावून बसता येतं. मग हळूच म्हणाले, "मला येडा म्हनतात तर म्हनू दे. तिला कोन हसलं नाय पायजे. तुमी कोनाला बोलू नका, ताई."

त्यांनी ओठांवरचं पाणी पुसलं. दोनच अक्षरं शिकवली होती तिला, म्हणाले. काही झालं तर मला कळावं म्हणून. इतके दिवस लाजेने कधी लिहिली नाहीत. आज लिहिली. "तो हात तिनं नाय टाकला, फोननं आपोआप टाकला."

चित्रांवरची बंदी पुढच्या सभेत उठली. ठराव मी मांडला. कारण काय ते विचारल्यावर सांगितलं की करमत नाही. आता पुन्हा नळ येतात, नाकं येतात, कवट्या येतात. सासूबाई अजून विचारतात, कोण गेलं.

परवा पुन्हा काचा थरथरल्या. तसं काही मोठं नव्हतं. सुई ठेवली, फोन उचलला. ग्रुपवर काकींचं "हाय" येऊन पडलं होतं. कुणी हॅलो म्हटलं, कुणी हात हलवला, निमकरसाहेबांनी फुलं टाकली. मीही तीच दोन अक्षरं लिहिली. हाय.

लगेच काकांचं उत्तर आलं, आणि त्यात एकही चित्र नव्हतं.

"आमी दोगं पन हाय."