सावलीची हजेरी

कालव्याचं पाणी वाटणारे पाटकरी सोपान वाकचौरे दरवाजा उचलताना पाय घसरून वारले, पण त्यांची सावली दुसऱ्या दिवसापासून नेहमीप्रमाणे कामावर येऊ लागली, आणि त्यामुळे त्यांच्या पत्नी मथुराबाईंचं कुटुंब निवृत्तिवेतन अडकलं.

पाटबंधारे कार्यालयातले दुशिंग भाऊसाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी मथुराबाईंना पंख्याखालची खुर्ची दिली, चहा सांगितला आणि मग समजावलं.

“ताई, कामावर असताना गेले, हे साहेबांनी मान्य केलंय. अडचण पुढची आहे. ते पूर्ण गेलेले नाहीत.”

“अहो, माझ्या डोळ्यांदेखत अग्नी दिला.”

“देहाचं मी म्हणतच नाही. पण सावली रोज हजर आहे. हजर माणसाच्या बायकोला निवृत्तिवेतन कसं देणार? ढगाळ दिवशी तेवढी येत नाही. ते आम्ही किरकोळ रजेत घेतोय.” मग आवाज उतरवून त्यांनी विचारलं, “दहाव्याला कावळा शिवला होता ना?”

“पिंड ठेवायचा अवकाश, लगेच शिवला.”

“म्हणजे इच्छा काही राहिलेली नाही. मग हे निव्वळ खात्याचं काम आहे. तुम्ही एकदा बोलून बघा. आमचं ऐकत नाहीत ते. म्हणजे, ऐकत नाही ती.”

मथुराबाई कालव्यावर गेल्या. भरावावर कोवळ्या उन्हात सावली पडली होती, माणूस नव्हता. टोपीचं टोक नवऱ्याचंच, एका बाजूला झुकलेला खांदाही नवऱ्याचाच. सवयीने त्यांनी डोक्यावर पदर घेतला आणि शेजारी बसल्या.

“अहो, बास करा आता,” त्या म्हणाल्या. “डब्यातलं पीठ संपत आलंय, आणि तुमच्या हजेरीपायी माझं अडलंय.”

सावलीने कालव्याच्या शेवटाकडे हात केला.

मथुराबाईंना कळलं. धरणातून पाणी सुटलं होतं आणि पाळीपाळीने शेतांना मिळत होतं. पण शेवटच्या पिंपळवाडीपर्यंत ते कधीच पोहोचत नसे. पाळी संपली तरी वरचे बागाईतदार आपल्या शेताकडे पाणी नेणाऱ्या चारीचं दार लावत नसत. सोपानराव जन्मभर हात जोडून सांगत आले, कोणी मनावर घेतलं नाही. आता मात्र पाळी संपली की सावली त्या दारावर जाऊन पडे. तशी पडली की बागाईतदार मुकाट्याने दार लावून घेत, आणि मेलेल्या माणसाच्या सावलीवर पाय देऊन ते पुन्हा उघडायची छाती कोणाची होत नव्हती.

“पिंपळवाडीला पाणी गेलं की घरी याल ना?”

सावलीची मान हलली.

तेव्हापासून मथुराबाई रोज भाकर बांधून तिच्याबरोबर भरावाने चालू लागल्या. एक एक चारी मागे पडली आणि पाणी खरोखरच पिंपळवाडीत शिरलं. बायकांनी हळदकुंकू वाहिलं. कालवा खोदायला मजुरीवर असलेल्या एका म्हाताऱ्याने आधी हात बुडवून पाहिला, मग तोच हात तोंडावरून फिरवला. मथुराबाई हसत सावलीकडे वळल्या, तर ती पाठ फिरवून धरणाकडे निघाली होती. पुढची पाळी लागायची होती.

“फसवलंत,” मथुराबाई म्हणाल्या. “संसारात एक सण पुरता घरी बसला नाहीत. मेल्यावर तरी बसाल, असं वाटलं होतं.”

सावली थांबली, पण वळली नाही. नवरा गेल्यापासून मथुराबाई त्या दिवशी पहिल्यांदा मोकळेपणी रडल्या.

दुशिंग भाऊसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसला.

“काम सोडायचंच नसेल तर अनुकंपा एवढाच मार्ग आहे. कर्मचारी कामावर असताना वारला तर घरातल्या एकाला नोकरी देता येते. घरी कोण कोण?”

“मी, आणि हे.”

“हे म्हणजे सावली. तुमची हरकत नसेल तर तिलाच लावून घेऊ. जुने पाटकरी पूर्ण वारले, तुमचं वेतन सुरू. सावली नवीन माणूस. वय काय टाकू?”

“सकाळी मोठी असते, दुपारी लहान.”

“दुपारचं टाकतो. भरतीला वयाची अट आहे.”

मथुराबाईंनी पेन हातात घेतलं, पण सही केली नाही. “एक अट माझी पण आहे. रविवारची सुट्टी. सक्तीची.”

“जुन्यांनी कधी घेतली नव्हती.”

“जुने वारले,” मथुराबाई म्हणाल्या.

भाऊसाहेबांना ते पटलं. आदेशात त्यांनी तसं घातलं आणि पुढच्याच महिन्यात निवृत्तिवेतन सुरू झालं.

त्यानंतरच्या पहिल्या रविवारी मथुराबाई अंगणात खाटेवर कुरडया घालत होत्या. उन्हं वर आली तशी सावली फाटकातून आत आली, पाहुण्यासारखी जरा घुटमळली आणि नेमकी खाटेवर येऊन पडली.

“अहो, थोडं सरका,” मथुराबाई म्हणाल्या. “वाळायच्यात त्या.”

सावली सरकली.