नाडकर्ण्यांनी किल्ली खाली ठेवली

रुग्णालयाच्या सर्व्हरमधले दोन प्रोग्रॅम किल्ल्यांवरून एकमेकांसमोर अडून उभे राहिले, म्हणून वृंदा केळुसकर चपला काढून आत गेली. सर्व्हरची देखभाल तिच्याकडे होती.

फायलींच्या दारापाशी पहिला प्रोग्रॅम, नाडकर्णी, उभे होते. रक्ततपासणीचे अहवाल लिहिणं हे त्यांचं काम. फाईलची किल्ली त्यांच्या मुठीत होती, पण ज्या पानावरून मजकूर उतरवायचा ते मेमरीत आलेलं नव्हतं. दुसरा प्रोग्रॅम, मेमरीत पानं आणून देणाऱ्या सुलभाताई, समोरच होत्या. मेमरीची किल्ली त्यांच्या कमरेला, आणि नेमकं ते पान नाडकर्ण्यांनी कुलूप लावलेल्या त्याच फायलीत.

"ताईंनी मेमरी मोकळी केली की माझं काम होतंय," नाडकर्णी म्हणाले.

"यांनी फाईल सोडली की माझं," सुलभाताई म्हणाल्या. "मी कुणाला अडवलेलं नाही. मी थांबलेय."

"मीही थांबलोच आहे."

बाहेरून भूलतज्ज्ञ डॉक्टर तेंडोलकरांनी हाक दिली. बाई ऑपरेशनच्या टेबलावर आहे, रक्तगट कळत नाही, मशीन बंद करून चालू करा.

"नको," वृंदा म्हणाली. "अर्धा लिहिलेला अहवाल जाईल. जरा थांबा." मग ती वळली. "नाडकर्णी, किल्ली खाली ठेवा."

"हातातलं काम टाकून?"

"हो. मागे फिरा. आधी पान मेमरीत मागवून घ्या, मग फाईलला हात लावा. तेवढ्यात पान मेमरीतून गेलं, तर किल्ली ठेवून पुन्हा मागे फिरा."

"मीच का?"

"तुम्हाला फिरता येतं. ताईंच्या मागे अख्खं रुग्णालय उभं आहे."

नाडकर्ण्यांनी ताईंच्या मागे पाहिलं. रांगेचं टोक दिसत नव्हतं. त्यांनी किल्ली जमिनीवर ठेवली.

सुलभाताई फायलीत जाऊन पान घेऊन आल्या आणि त्यांनी मेमरी मोकळी केली. नाडकर्णी किल्ली घेऊन लिहायला बसले, तर शेवटच्या ओळीचं पान मेमरीत नव्हतं. या खेपेला कुणी सांगायची वाट न बघता ते उठले, किल्ली ठेवली आणि मागे फिरले. पान आल्यावर त्यांनी ओळ पूर्ण केली. बी निगेटिव्ह.

वृंदा बाहेर आली तेव्हा रक्ताची पिशवी वर ऑपरेशन थिएटरमध्ये गेली होती.

"काय झालं होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"दोघंही थांबले होते."

"आणि आता?"

"आता एक जण मागे फिरतो."

डॉक्टरांनी मान डोलावली आणि तेही वर गेले.