एक जानेवारीची माणसं

सकाळची पाळी सुरू व्हायची वेळ टळून गेली, तरी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या शिवयोगीअण्णांच्या टॉवेल कारखान्यात निम्मे माग बंदच होते. दारातल्या नव्या हजेरी मशीनवर चिमाबाईनं अंगठा ठेवला, तसं मशीन गोड आवाजात म्हणालं, "छप्पन्नाव्या वाढदिवसाच्या शुभेच्छा! आज आपल्याला भरपगारी सुट्टी."

चिमाबाई अठ्ठावीस वर्षांची होती. ती दचकून बाजूला झाली. मागच्या जोतीरामनं अंगठा लावला, तर त्यालाही छप्पन्नावं लागलं.

चिमाबाईची सासू गोजरबाई तिथंच घड्या घालायच्या कामाला होती. मशीननं तिला नुसतंच हजर करून घेतलं होतं.

"मी एक्कावन्नची आन् सून छप्पन्नची!" गोजरबाई म्हणाली. "चिमे, आता सनासुदीला मीच तुझ्या पाया पडते की."

"आत्या, चेष्टा नगा करू. मला लई भ्या वाटायलंय."

जोतीरामला मात्र भ्या वाटत नव्हतं. सुट्टी म्हणजे सुट्टी, असं म्हणून तो वीस-पंचवीस जणांना घेऊन समोरच्या चहाच्या गाडीवर गेला. फाटकात ट्रक उभा होता आणि संध्याकाळपर्यंत माल निघाला नाही तर ऑर्डर हातची जाणार होती. शिवयोगीअण्णांनी घाईघाईनं अंकिताला बोलावलं. हजेरीचा प्रोग्राम तिनंच लिहिला होता. वाढदिवसाला सुट्टी द्यायची कल्पना मात्र अण्णांची होती.

अंकितानं लॅपटॉप उघडला आणि कपाळाला हात लावला. "अण्णा, ज्यांनी कागदपत्रं दिली नाहीत, त्यांची जन्मतारीख मी रिकामी ठेवली होती. कॉम्प्युटरनं रिकाम्याचा शून्य केला."

"मग शून्य दाखवायचं की. छप्पन्न कुठनं काढलं?"

"कॉम्प्युटरचा काळ एक जानेवारी एकोणीसशे सत्तरला सुरू होतो. त्याचा शून्य म्हणजे ती तारीख, आणि आज एक जानेवारीच आहे."

"आणि त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी वजा."

अण्णांनी बोटांवर हिशोब केला. त्यांचा जन्म अडुसष्टचा होता. "म्हंजे मी वजा हाय का गं?" त्यांनी हळूच विचारलं.

"तसं नाही हो अण्णा," अंकिता म्हणाली.

तिनं सगळ्यांना फोनवर शाळेचे दाखले मागवायला लावले. दाखल्यांचे फोटो आले, तिनं भराभरा तारखा भरल्या आणि यादी उघडली. वर्षं वेगवेगळी होती, पण खाली बघेल तिथं एक जून. एक जून. एक जून. ती घामाघूम झाली. प्रोग्राम पुन्हा तपासला, मशीन बंद करून चालू केलं, तारखा पुसून परत भरल्या. पुन्हा एक जून.

"अण्णा, आता नवीनच काहीतरी बिघडलंय!"

खिडकीतून जोतीराम डोकावला. "काय बी बिघडलं न्हाय, मॅडम. शाळेत घालताना मास्तरनी बाला तारीख इचारली. बा म्हनला, ठावं न्हाय. मग मास्तरनी एक जून टाकली. आमच्या गावात समदीच एक जूनची."

"म्हंजे एक जूनला पुन्हा कारखाना बंद?" अण्णा खुर्चीतच खचले. मग त्यांना एकदम सुचलं. "अंकिता, जन्मतारीख ऱ्हाऊ दे. ज्यानं त्यानं सुट्टीचा दिवस आपला आपण सांगावा. म्हंजे दिवस वाटले जातील."

ही गोष्ट सगळ्यांना पटली. जोतीरामनं चहाच्या गाडीवरच्यांना हाका मारल्या, माग खडखडू लागले आणि दिवस कलायच्या आत ट्रक भरून निघाला. ज्याचं त्याचं दिवस सांगणं घड्या घालता घालता चाललं होतं. अंकिता लिहून घेत होती.

पाळी सुटल्यावर ती अण्णांसमोर येऊन उभी राहिली. तिचा चेहरा रडवेला झाला होता.

"अण्णा, सगळ्यांनी एकच दिवस मागितलाय. गड्ड्याच्या जत्रेत शोभेचं दारूकाम असतं, तो."

अण्णांनी दाराकडं बघितलं. बाहेर कुणी नाही, अशी खात्री करून घेतली.

"माझा बी तोच लाव," ते म्हणाले.