एक्केचाळीस नंबर बाकावर

वालेरियान कुझ्मिच पेस्तोव यांना सामना बघायची गरजच पडत नसे. निदान ते तसं सांगत. समुद्रापारच्या एका बड्या आइस हॉकी क्लबसाठी रशियातली पोरं हेरायचं काम ते सव्वीस वर्षं करत होते आणि तेवढ्या काळात चार थर्मास, तीन चष्मे आणि एक बायको गमावून बसले होते.

"बर्फावर काय बघायचंय?" ते म्हणत. "बाकावर बघा. जे पोरगं कुणी उचलून नेऊ नये असं कोचला वाटतं, त्याला तो बाकावर दडवतो. तोच हिरा."

हे अगदीच खोटं नव्हतं. असे कोच उरलमध्ये पैशाला पासरी. पण या हिशेबाने पेस्तोवनी शोधलेले मागचे तीन हिरे समुद्रापार पोचल्यावर कोळसा निघाले होते. म्हणून यंदा क्लबच्या साहेबांनी फोनवर स्वच्छ सांगितलं, "जूनमध्ये क्लब नवे खेळाडू निवडतील तेव्हा एकच नाव द्या. चुकलात, तर पुढच्या वर्षी तिकीट काढून सामने बघा."

फेब्रुवारीत पेस्तोव वेर्ख्नी कामेन्स्क या गावी गेले ते तिथल्या संघाच्या रोदियोन श्चुकिनला बघायला. श्चुकिनने पहिल्या अर्ध्या तासात दोन गोल ठोकले. आजूबाजूचे नऊ हेर वह्या भरू लागले. पेस्तोवनी जांभई दिली आणि बाकाकडे नजर वळवली.

तिथे एक्केचाळीस नंबर बसला होता. अंगावर पूर्ण पोशाख, वरून कोच बुलिगिनचा स्वतःचा मेंढीच्या कातड्याचा कोट. बुलिगिन त्याला आपल्या थर्मासमधला चहा पाजत होता, वर रासबेरीचा मुरंबा घालून. संघ मागे पडला, दोन खेळाडू लंगडत बाहेर आले, पण एक्केचाळीस जागचा हलला नाही. पेस्तोवच्या अंगावर काटा आला.

सामना संपताच त्यांनी बुलिगिनला बोळात गाठलं. दोघं लहानपणी एकत्र खेळलेले. बुलिगिनचे पुढचे दोन दात पेस्तोवच्याच कोपराने गेलेले.

"तिमोफेय, तो एक्केचाळीस कोण रे?"

बुलिगिनचा चेहरा चुन्यासारखा झाला. "कुणी नाही. तू श्चुकिनला ने ना. हवा तर गोलकीपर पण ने."

"त्याला उतरवलं का नाहीस?"

"सर्दी झालीय त्याला."

"आणि मागच्या सामन्यात?"

"तेव्हा व्हायची होती." बुलिगिनने त्यांची बाही धरली. "वालेरियान, पाया पडतो तुझ्या. तो गेला तर आमचा हंगाम बुडाला."

आणखी काय पुरावा हवा? संघाच्या यादीत नाव मिळालं: येलिसेय तोपोर्कोव, वय अठरा. दुसऱ्या दिवशी पेस्तोव केक घेऊन त्याच्या घरी हजर. आई कपितोलिना येगोरोव्हना आपल्याच दारातून वाकून बाहेर आली. पाहुण्यांच्या सपाता पायात सरकवता सरकवता पेस्तोवनी पोराच्या उंचीत मनातल्या मनात दोन इंच वाढवून टाकले.

"बर्फावर रोज जातो का हो?"

"जातो कसला, तिथेच राहतो. पहाटे चारपासून. त्याच्या बापाचंही तेच होतं. घ्या ना, खिम्याच्या पेल्मेनी घ्या अजून."

"हात कसे आहेत?"

"सोन्याचे."

"आणि वेग?"

"बाकीची पोरं नाड्या बांधतायत तोवर हा अख्खं मैदान फिरून आलेला असतो."

"तुम्ही बघता त्याचा खेळ?"

"छे, मला नाही हॉकी बघवत. फार मारामारी करतात मेले."

पेस्तोवनी सहा पानी अहवाल लिहिला. त्यातलं एक वाक्य होतं, "बर्फाची अशी जाण मी सव्वीस वर्षांत पाहिली नाही." पुढे सिद्ध झालं की हे वाक्य शब्दशः खरं होतं.

"खेळताना पाहिलंत का त्याला?" साहेबांनी विचारलं.

"कुणालाच बघू देत नाहीत, साहेब. त्यातच सगळं आलं."

जूनमध्ये तोपोर्कोवचं नाव पुकारलं गेलं. बाकीच्या क्लबांनी ते जन्मात ऐकलं नव्हतं, म्हणून ते लगेच म्हणाले, आमचाही त्याच्यावर डोळा होता. टीव्हीवरचे एक जाणकार त्याच्या संयमी खेळावर चार मिनिटं बोलले. श्चुकिनला शेजारच्या क्लबने नेलं.

सप्टेंबरात सरावाच्या पहिल्या दिवशी तोपोर्कोव स्केट्स घालून उभा राहिला, कठडा धरला आणि बसला. मग दुभाष्याला नम्रपणे म्हणाला, "यांना सांगा, मला हे येत नाही. मी बर्फ करतो."

खरं तेच होतं. वेर्ख्नी कामेन्स्कच्या मैदानात बर्फ करणाऱ्याची जागाच मंजूर नव्हती. बुलिगिनने त्याला खेळाडू म्हणून नोंदवलं, आणि नोंदवलेल्याने तपासणीपुरतं तरी पोशाख घालून बाकावर बसायला हवं. पहाटे चारपासून मैदानावर गरम पाणी मारून, बर्फ सपाट करायचं यंत्र फिरवून दमलेलं पोर शिंकत बसायचं. सगळ्या गावाला ठाऊक होतं. तोपोर्कोवलाही वाटलं होतं, एवढ्या लांबून बोलावतायत ते बर्फासाठीच.

त्याने बसल्या बसल्या तिथल्या बर्फावरून तळवा फिरवला आणि तो चुकचुकला. "हा कुणी केलाय?"

महिन्याभरात पेस्तोवना पत्र आलं. "तोपोर्कोव आम्ही ठेवून घेतला आहे. असा बर्फ कुठल्याच क्लबकडे नाही. आपण म्हणालात तसा हिराच निघाला. आपली मात्र आता गरज नाही."

नोव्हेंबरात पेस्तोव तिकीट काढून वेर्ख्नी कामेन्स्कच्या मैदानात बसले. बर्फ नांगरलेल्या बटाट्याच्या शेतासारखा दिसत होता. बुलिगिन आला आणि त्याने त्यांच्या मांडीवर पाणी मारायचा रबरी पाइप ठेवला.

"तू नेलास, तूच भरून दे. पहाटे चारला ये."

पेस्तोव हल्ली बर्फाशिवाय काही बघत नाहीत. खेळाडू म्हणून नोंदवायला त्यांचं वय बसेना, आणि मंजूर जागांपैकी एकच रिकामी होती. त्यामुळे वालेरियान कुझ्मिच पेस्तोव, वय अठ्ठावन्न, सरकारी कागदावर त्या मैदानाची स्वयंपाकीण आहेत.