चिंबोरीची परीक्षा

पहिलं केअर सेंटर हौसाबाईंनी नापास केलं ते कागदी कपातून चहा दिला म्हणून. दुसरं नापास केलं ते तिथल्या म्हाताऱ्यांची नखं वाढलेली होती म्हणून. "ज्यांना नखं कापायला वेळ नाय, ते माज्या नणंदेला आंघोळ काय घालनार?" असं त्यांनी तिथल्या डॉक्टरलाच विचारलं, आणि विचारता विचारता त्याच्या नखांवरही एक नजर टाकून घेतली.

नणंद म्हणजे चांगुणाआक्का. हौसाबाईंच्या नवऱ्याची थोरली बहीण. मूलबाळ नाही, नवरा लवकर गेला, तेव्हापासून पनवेलला भावाच्या घरी. पुढे भाऊही गेला, तरी या दोघी समोरासमोरच्या पलंगांवर बसून एकमेकींची उणीदुणी काढत राहिल्या. गणपतीत आक्का घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण उठवायला-बसवायला माणूस लागू लागलं. कामाला ठेवलेल्या बाया हौसाबाईंच्या तोंडापायी टिकेनात. "मी हाय ना घरात," असं म्हणून हौसाबाई स्वतःच आक्कांना न्हाणीत उचलायला गेल्या आणि दोघी मिळून खाली बसल्या. मुलगा भावेश कामावरून घरी येईपर्यंत दोघी तिथेच ओल्या लादीवर, चूक कुणाची यावर भांडत होत्या.

"आये, अशानं तुमी दोघी एकाच दिवशी जाल," भावेश म्हणाला. "आक्काआत्याला चांगल्या ठिकाणी ठेवू. चालायला लागली का आनू परत."

"आनि गावात काय तोंड दाखवू? हौसानं नणंदेला टाकली म्हनतील."

"चांगली जागा बघून ठेवली तर कोन कशाला बोलेल?"

"मंग मीच बघीन. माज्या रीतीनं."

हौसाबाईंची रीत सरळ होती. लेक द्यायच्या आधी सासरचं घर बघतात, तसं बघायचं. मोरी बघायची, गादी उचलायची, आमटी चाखायची आणि शेवटी चिंबोरी, म्हणजे खाडीतला खेकडा. लग्नाआधी हौसाबाईंना बघायला याच चांगुणाआक्का आईला घेऊन आल्या होत्या. जिवंत चिंबोऱ्यांची टोपली पुढ्यात ठेवून म्हणाल्या होत्या, "कर साफ." हौसाबाईंनी साफ केल्या, एकही चावली नाही आणि त्या पास झाल्या. ही गोष्ट त्यांनी घरात इतक्यांदा सांगितली होती, की ती संपेपर्यंत सून मनिषाची सगळी भांडी घासून होत. जो चिंबोरीला घाबरत नाही आणि तिला चावूही देत नाही, त्याच्याच हातात आपलं माणूस द्यावं, असं हौसाबाईंचं ठाम मत होतं.

तिसरं सेंटर नवीन पनवेलला होतं. तिथे बुधवारी मासे असतात असं मनिषाने सांगितलं, म्हणून हौसाबाई मुद्दाम बुधवारीच निघाल्या. वाटेत मच्छी मार्केटपाशी रिक्षा थांबवून त्यांनी खाडीतल्या काळ्याभोर चिंबोऱ्या घेतल्या. कोळणीने नांग्या सुतळीने बांधून दिल्या होत्या. रिक्षा सुरू झाल्यावर हौसाबाई सराईत हाताने एकेक सुतळी सोडू लागल्या आणि सोडलेली चिंबोरी पिशवीत टाकू लागल्या.

"आई, सोडताय कशाला?" मनिषा पाय वर घेत म्हणाली.

"बांधलेली चिंबोरी कुनीबी करील. परीक्षा हाय ती."

रिक्षावाल्याने आरशातून मागे पाहिलं आणि रिक्षा जरा जोरातच हाणली.

सेंटरचा मॅनेजर सत्यजीत टाय लावून दारातच उभा होता. "वेलकम आजी. पेशंट कोण आहे?"

"ते मागाहून. आदी मोरी दाखव."

पिशवीचं तोंड गुंडाळून हौसाबाईंनी ती हॉलमधल्या सोफ्याखाली सारली आणि तपासणीला लागल्या. मोरीत धरायला दांड्या होत्या. लादी कोरडी होती. गादीखाली ढेकूण नव्हते. नखं कापलेली होती. आमटीत बोट बुडवून चाखली, तर तीही बरी निघाली. हौसाबाईंनी दुसरीही गादी उचलून बघितली. कुठेच खोट निघाली नाही तर आक्का जाणार, आणि समोरचा पलंग रिकामा होणार.

"अजून काही बघायचंय का?" सत्यजीतने विचारलं.

"हाय ना. तुमच्या आचाऱ्याला बोलव."

पण तोवर उशीर झाला होता. हॉलमध्ये काळूराम नावाचे एक आजोबा होते. त्यांना साखरेचा आजार आणि गोडाची ओढ. पाहुण्यांच्या पिशव्या चाचपायची त्यांना सवय होती. सोफ्याखालची पिशवी त्यांनी मोठ्या आशेने ओढली, तोंड उघडलं आणि आत डोकावले. आतूनही कुणीतरी डोकावलं. आजोबांनी पिशवी सोडून दिली.

चिंबोऱ्या हॉलभर पांगल्या. व्हीलचेअरवरच्या म्हाताऱ्यांनी, कधी उचलले नव्हते इतके पाय वर उचलले. सत्यजीत टेबलावर चढला. आचाऱ्याने बाहेर येऊन एकदा पाहिलं आणि स्वयंपाकघराला आतून कडी घातली.

"अरे, मासे करतोस ना बुधवारचे?" हौसाबाईंनी दार ठोठावलं.

"ते कापून येतात," आतून आवाज आला.

त्याच वेळी रोशनी नावाची तिथली एक मुलगी एका आजींच्या कमरेला धरून त्यांना पाऊल पाऊल चालवत होती. एक चिंबोरी तिरकी तिरकी आली आणि तिने रोशनीच्या पायाचा अंगठा पकडला. रोशनीचा चेहरा पांढरा पडला, पण हात सुटला नाही. अंगठ्याला लटकलेल्या चिंबोरीसकट ती खुर्चीपर्यंत गेली, "सावकाश, आजी, सावकाश" म्हणत तिने आजींना बसवलं, आणि मगच "आई गं" म्हणून स्वतः खाली बसली.

हौसाबाईंनी जाऊन चिंबोरी सोडवली. "चावली ना तुला?"

"हो आजी."

"नापास," हौसाबाई मनिषाकडे वळून म्हणाल्या, आणि त्यांनी उरलेल्या चिंबोऱ्या एकटीने गोळा केल्या.

"मॅडम, सॉरी," टेबलावरून सत्यजीत म्हणाला, "पण तुम्ही दुसरीकडे बघा."

"तू कोन नाय म्हननारा? मीच नाय म्हटलंय कवाच."

घरी येऊन हौसाबाईंनी सगळी हकीकत आक्कांना रंगवून सांगितली. मनिषा मोरीत भांडी घासत होती. आक्का पडल्या पडल्या ऐकत होत्या.

"चिंबोरी लटकलेली, तरी म्हातारीला सोडली नाय तिनं?"

"नाय सोडली. पन चावली ना तिला."

आक्कांनी मान वळवून हौसाबाईंच्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तुलाबी चावली हुती."

"कवा?"

"बघायला आलो तवा. बोट पदरात गुंडाळून बसलीस. आईला रगत दिसू नये म्हनून मी आडवी बसले, नि राहिलेल्या मीच केल्या. घरी सांगितलं, पोरगी चांगली हाय."

मोरीतला नळ बंद झाला. हौसाबाईंचा डावा हात आपोआप पदराखाली गेला.

"इतकी वर्सं कदी बोलली नायस ही गोष्ट?"

"ठेवलेली जपून. भांडनात कदीतरी कामाला येईल म्हनून." आक्कांनी कूस बदलायचा प्रयत्न केला, जमलं नाही, आणि हौसाबाई उठायच्या आत हाताने थांबवलं. "तू नको. मला तीच पोरगी पायजे. मला उचलता उचलता तू मेलीस तर माज्याशी भांडनार कोन?"

दुसऱ्या दिवशी सेंटरच्या वॉचमनने हौसाबाईंना पिशवी घेऊन येताना पाहिलं आणि गेट लावून घेतलं. सत्यजीत आला, पण गेटच्या आतच उभा राहिला.

"आजी, पिशवीत काय आहे?"

"चिंबोऱ्यांचं कालवन. शिजवलेल्या हायत. त्या रोशनीला दे. आनि माज्या नणंदेला खिडकीजवळची खाट दे. तिच्याकडं रोशनीच पायजे, दुसरी नको."

"पण काल तर तुम्ही तिला नापास केलंत."

"तपासताना चूक झाली," हौसाबाई गेटच्या दांडीकडे बघत म्हणाल्या.

सत्यजीतने बराच विचार केला. "जागा देतो. पण भेटायला रविवारीच यायचं."

"रोज येनार."

"रोज? कशाला?"

"तुमच्यात तिच्याशी भांडनारं कोन हाय?"

सत्यजीतने हात जोडले. "बरं, रोज या," तो म्हणाला. "पण पिशवी रोज गेटवर तपासली जाईल."

कुणी आपली परीक्षा घ्यावी, हे हौसाबाईंच्या स्वभावात बसणारं नव्हतं. तरी त्यांनी मुकाट्याने पिशवी पुढे धरली. वॉचमन दोन पावलं मागे सरला आणि काठीच्या टोकाने त्याने ती हळूच उघडली.